भावाच्या माश्या

खान्देशात आजवर जेवढा संशय घेतला गेला असेल, त्यातला निम्मा तरी माझ्या मामेसासऱ्यांनी एकट्याने घेतला असावा. मी जळगावहून डाळमिलमधली तूरडाळ नेली, तर ते ती परातीत ओतून मूठमूठ हुंगत. चहा घेताना आधी मला प्यायला लावत आणि मी जिवंत आहे असं दिसल्यावरच स्वतःची बशी उचलत.

मधमाश्यांच्या बाबतीत तर त्यांचं शास्त्रच वेगळं होतं. चिंचेवरच्या आग्यामाशीचा ते आदर करत, कारण ती उघड वैरीण. सातेरी माशी झाडाच्या अंधाऱ्या ढोलीत राहते, म्हणजे तिच्या मनात नक्की काहीतरी काळंबेरं. फुलोरी माशी एवढीशी असूनही कुंपणावर उघड्यावर पोळं बांधते, याचा अर्थ तिच्या पाठीशी कोणीतरी आहे. आणि भिंतीच्या फटीतली ती बिनडंखाची बारीक माशी! तिच्यावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. "डंख नही म्हंजे दुसरं काहीतरी व्हई," असं ते मला बाजूला घेऊन सांगत.

धुळ्याजवळच्या त्यांच्या शेताला लागूनच धाकट्या भावाचं शेत. वाटणी झाल्यापासून दोघांत बोलणं बंद होतं. मामींना तो अबोला फार लागे. मी गेलो की त्या मलाच मध्यस्थी करायला लावत. यंदा दोघांनीही बियाण्याचा कांदा लावला आणि डोंगळे, म्हणजे कांद्याच्या फुलांचे दांडे, फुलल्यावर धाकट्याने बांधाजवळ मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवल्या. माश्यांना वाटणी कोण समजावणार? त्या खुशाल मामांच्या फुलांवर येऊ लागल्या. मामा खवळले. "रस मना, मध त्याना! हाई कोनती वाटनी शे?" त्यांनी मामींच्या जुन्या नायलॉनच्या साड्या काढल्या आणि डोंगळे ओळीच्या ओळी झाकून टाकले.

"मामा, माशी बसल्याशिवाय बी भरत नाही," मी म्हणालो. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्हले त्यानी चहा पाजा व्हई, जवाईबापू."

तरी शंकेचा किडा स्वस्थ बसू देईना. बी भरतंय का ते बघून माझं खोटं उघडं पाडायला म्हणून त्यांनी एक साडी उचलली आणि डोकं आत घातलं. साडीच्या कडेने शिरून आत अडकलेल्या माश्या आधीच चिडलेल्या होत्या. त्यांनी मानेवर, कानावर, ओठावर डंख मारले. ओरडा ऐकून बांध ओलांडून आधी धावला तो धाकटा. चिमटीत धरून ओढलं की विषाची पिशवी पिळली जाते, म्हणून तो एकेक काटा नखाने खरवडून काढत होता. डॉक्टरलाही नाडी धरू न देणारे मामा त्याच्यापुढे मान वाकवून बसले होते. बघता बघता चेहरा सुजला, श्वास अडकायला लागला. धाकट्याने मोटरसायकल काढली, मामांना मध्ये घेतलं, मागून मी धरलं आणि आम्ही धुळ्याचा दवाखाना गाठला.

इंजेक्शन दिल्यावर श्वास हळूहळू मोकळा झाला. सुजलेल्या पापण्यांच्या फटीतून मामा औषधाच्या बाटलीवरची मुदतीची तारीख वाचू पाहत होते, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

"कोणती माशी चावली, बाबा? रानातली?" डॉक्टरांनी विचारलं.

मामांनी धाकट्याकडे पाहिलं. मग जड ओठांनी म्हणाले, "नही. घरनी शे. मना भाऊनी."

धाकटा केसपेपरने त्यांना वारा घालत राहिला.