छतावरचा मोर

पुस्तक परत करून लगेच निघायचं, म्हणून मी वाचनालयाच्या मोठ्या दालनात शिरले. तिथले कोरीव खांब, रंगीत काचा, चितारलेलं छत, यांच्याखालून मी वर्षानुवर्षं अशीच घाईने जाते. आज बाकावर एक आजी-आजोबा बसले होते. आजोबांच्या हातात अंधांची पांढरी काठी होती.

"छतावरच्या मोराची मान अजून निळी आहे का गं?" त्यांनी आजींना विचारलं.

"आहे की. निळीशार."

मी वर पाहिलं. रंग उडून चुना दिसत होता.

"थापा मारू नकोस," आजोबा हसले. "मला दिसत होतं तेव्हाच उडाला होता तो रंग. आता तुझ्याच डोळ्यांनी बघायचंय मला. आहे तसं सांग."

आजींनी पुन्हा वर पाहिलं. "मान पांढरी पडलीय. पिसाऱ्यावर कोळ्याचं जाळं आहे. डोळा तेवढा शाबूत आहे, आपल्याकडेच बघतोय मेला."

"हां. आता दिसला."

माणसाला बरं वाटावं म्हणून आपण रंग भरत राहतो. त्याला मात्र पडझडीसकट खरं हवं असतं.

पुस्तक तसंच मांडीवर ठेवून मी मागच्या बाकावर बसले आणि डाव्या कोपऱ्यापासून छत बघायला सुरुवात केली.