खाडीकडची खिडकी

आक्का गेली तेव्हा मी घरातच होतो, आणि तिच्या खोलीची खिडकी मीच बंद केली होती. तिला जाऊन महिना झाला, तरी सांगायची सुरुवात दुसरीकडून करता येत नाही.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नवरा वारल्यावर ती कोपरीला माझ्याकडे आली आणि इथलीच झाली. जिभेची तिखट. मी ठाण्याच्या कचेरीत कारकून खरा, पण घरात हुकूम तिचाच. दर वैशाखात आसपासच्या भातखाचरांत राब भाजायचे, म्हणजे पालापाचोळा नि शेण जाळून रोपांची जमीन भाजून काढायचे, की हिचा दमा उसळलाच. वैद्यबुवा म्हणत, कफप्रकृती. शेजारी म्हणत, दही सोडा. आक्का म्हणे, "अरे, दही मी बारा महिने खाते. धूर असतो तेवढेच दिवस धाप लागते. एवढं साधं कचेरीत शिकवत नाहीत का रे?" मी हसायचो... राब नाही भाजला तर भात कुठून खाशील, असं विचारलं की तेवढं तीही मान्य करी.

तिचा उपाय एकच. सकाळी ओला हात खिडकीबाहेर धरायचा, गार कुठून लागतं ते पाहायचं, आणि वारा खाडीकडून, म्हणजे खाचरांचा धूर न आणणारा, असला की खिडकी सताड उघडायची.

यंदा धाप फार वाढली. वैद्यबुवा म्हणाले, वारा लागू देऊ नका, ओव्याची धुरी द्या. मी दारं-खिडक्या लावल्या, शेगडी पेटवली, निखाऱ्यांवर ओवा टाकला. अगदी मनापासून केलं. आक्का धापा टाकत म्हणाली, "बाहेरचा धूर अडवलास, आणि आतला घालतोस? उघड रे ती खिडकी."

"वैद्यांना कळतं की तुला?" मी म्हटलं.

दुपारपर्यंत आटोपलं. धुरीनंच गेली असं मी म्हणत नाही. पण तिनं मागितलेली शेवटची गोष्ट मी दिली नाही, याची लाज वाटते.

परवा माझी सून बाळंत झाली, त्याच खोलीत. दूर कुणाच्या तरी खाचरात अजून धूर होता. सुईण म्हणाली, "दादा, शेगडी आना, बालाला धुरी द्याची." रीतच आहे ती... मी शेगडी आणली नाही. हात ओला केला, खिडकीबाहेर धरला. वारा खाडीकडचा होता.

"अगं बाई! बाळंतिणीच्या खोलीत वारा? कोनी सांगितला तुमाला?"

"आक्कानं," मी म्हटलं, आणि खिडकी उघडली.