फेसची गल्ली आणि आमची

भिंतीवरचा हा कागद वाचायला रोज थांबता ना, मग आज एवढं वाचाच.

सकाळी वाचनालयात मी मोरोक्कोतल्या फेस शहरावरचा माझा निबंध वाचला. तिथली चामडं कमावणाऱ्यांची जुनी गल्ली, शेकडो वर्षांचे चुन्याचे हौद, वास सोसावा म्हणून पाहुण्याच्या हाती दिलेला पुदिना. वाचनालयाचे अध्यक्ष, नगरपालिकेचेही तेच, म्हणाले, "असा वारसा जपला पाहिजे!" टाळ्या पडल्या.

आमच्याच गावात चामडं कमावणारे सखारामतात्या बाहेर उभे होते. त्यांना आत घेत नाहीत, म्हणून खिडकीतून ऐकत होते.

"आवं दादा, ती गल्ली कुनी उठीवली न्हाई व्हय?"

"नाही, तात्या."

"आमची उठिवत्यात. वास येतो म्हनं. उंब्रजच्या वाटंला माळ दिलाय. तितं पानी न्हाई, कातडं भिजवायचं कशात? उठवायच्या हुकमावर तुमच्या अध्यक्षाचीच सही हाय. तेवढा अर्ज लिवून द्या की."

"देतो," मी म्हणालो. तेव्हा माझा रुमाल नाकावर होता. तात्यांनी तो पाहिला.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि निघून गेले.

फेस मी पाहिलेलं नाही. तात्यांची गल्ली माझ्या घरामागं आहे, तीही पाहिलेली नाही. तुमच्यापैकी कुणी पाहिलीय?