सोन्यावरचा लॅकर

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा जुन्या जालन्यातल्या माझ्या रंगाच्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी माझी भावावरून जुंपली होती. फोन त्याच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा. तो आवाज मी किती वर्षांनी ऐकत होतो... फोन ठेवून गिऱ्हाइकाला म्हणालो, "न्या, तुमच्याच भावानं न्या." तो चपापला. मी असा कधी हरत नाही.

दिगू लग्नाच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. काळी, टवके उडालेली गिटार. त्याला ती सोनेरी हवी होती. माझं दुकान तेव्हा नवं होतं. मूर्तिकार गणपतीच्या मुकुटाची सोनेरी, म्हणजे पितळेची, पावडर माझ्याकडूनच न्यायचे. तीच वार्निशात कालवून आम्ही दोघांनी दुकानामागं गिटार रंगवली. अशी उजळली, की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. मी म्हणालो, वरून लॅकरचा एक पारदर्शक हात दे, रंग टिकंल.

"लॅकरनं चकाकी मरती राजा. मुकुटाला कोण मारतंय?"

"मुकुटाला कुणाचा हात घासत न्हाई. मूर्ती दहा दिवसांत पाण्यात जाती."

"तू डबे विक. गिटारीचं मला कळतं."

त्यानं ऐकलं नाही. पुढं त्याचा हात टेकायचा तिथं सोनं हिरवट पडलं. आणि शहागडच्या एका लग्नात या माणसानं भर माइकवर माझ्याकडं बोट केलं, "हे सोनं आमच्या दोस्ताच्या दुकानचं. बघा, हिरवं पडून राह्यलं." सारा मांडव हसला. त्यात माझी गिऱ्हाइकंही होती. मी ताटावरून उठलो. त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही; तोही आला नाही. दुकान बंद करताना ज्याच्याशी भांडावं असा दुसरा माणूस मला गावात मिळाला नाही. पण राग आहे. माणूस गेला म्हणून तो खोटा होत नाही.

तेराव्यानंतर त्याच्या घरी गेलो, तर वहिनींनी चादरीत गुंडाळलेली गिटार माझ्यापुढं ठेवली. "न्या भाऊजी. कुणी रंगवून देतो म्हटलं की म्हणायचे, ज्याचा रंग हाय त्यालाच येऊ द्या."

मी भडकलो. "मंग बोलवायचं व्हतं. माझं दुकान काय हैदराबादला हाय?"

"ते बी हेच म्हणायचे," वहिनी म्हणाल्या. "आपलं घर काय लांब हाय?"

दुकानात आणून गिटार उजेडात धरली. सगळं सोनं शाबूत होतं. हिरवं होतं ते फक्त त्याच्या हाताखाली, कोपरापासून मनगटापर्यंत, हाताच्याच आकाराचं. म्हणजे माल चोख होता, घाम त्याचा होता. एवढी वर्षं मी बरोबर होतो... हे आता कुणाला सांगायचं?

खरवडून पुन्हा सोनेरी करता आली असती. पावडर फळीवर होती. मी डबा काढला नाही. सगळ्यावरून लॅकरचा एक हात दिला, हिरव्यावरूनही. आता ते पसरायचं नाही, पुसलंही जायचं नाही.

वाळल्यावर पाहिलं. चकाकी खरंच थोडी मेली होती. कुणीतरी तसं म्हणेल म्हणून मी उगाच दाराकडं बघितलं...