दीड फुटांची वाट

आमच्या सोसायटीत कुणी काही विचारून करत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला राग का आला ते कळेल. एकाला एक चिकटलेली तीसेक बैठी घरं, बडोद्यात ज्यांना टेनामेंट म्हणतात ती. प्रत्येक घरापुढे थोडी मोकळी जागा. समोरच्यांनी तिथे पत्र्याची शेड टाकली, तेव्हा विचारलं नाही. कोपऱ्यावरच्यांनी पेव्हर ब्लॉक बसवून दोन गाड्या उभ्या केल्या, तेव्हाही नाही. विचारलं ते फक्त आमच्या ह्यांनी, आणि अडकलो तेही आम्हीच.

ह्यांच्या दोन्ही डोळ्यांना काचबिंदू निघाला तो निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी. ओट्याच्या पायरीवर, दाराच्या चौकटीवर, हिंचक्याच्या कडीवर आपटायला लागले, तेव्हा मी धांदरटपणा म्हणून टोमणे मारत होते. ते टोमणे आजही मला बोचतात. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती थेंबांनी जपायची. कडेचं आधी जातं, मधलं शेवटी. किती दिवस, ते त्यांनाही सांगता येईना.

घरी आल्यावर हे फाटकातच उभे राहिले आणि आमच्या अंगणातल्या कोटा फरशीकडे बघत म्हणाले, "ही काढून टाकू या. बाग करू."

मला वाटलं, धक्क्याने काहीतरी बोलतायत. ती फरशी मीच हौसेने घालून घेतली होती. जुन्या शहरातल्या घडियाळी पोळमध्ये, दाट गल्लीत वाढलेली मी. आमच्या त्या घराला अंगण म्हणजे ओट्यापुढचा रस्ता, तिथे पापड वाळत घातले की एक डोळा पापडावर आणि एक गाईवर. स्वतःची फरशी मिळाली तेव्हा मी पहिल्या उन्हाळ्यात शेजारपाजारच्यांचेसुद्धा पापड वाळवून दिले होते.

पण ह्यांनी सगळं योजलेलं होतं. फाटकापाशी मोगरा. अकरा पावलांवर वळण, तिथे गवती चहा. नळाजवळ सब्जा. ओट्याच्या पायरीपाशी सोनचाफा. मधून वाट, दोन्ही कडांना तिरक्या विटा. "वासावरून कळेल कुठे आहे ते," हे म्हणाले. "आणि विटांवरून काठीला. पण दिसतंय तोवर ती वाट पायाखालची झाली पाहिजे. नंतर शिकता यायचं नाही."

नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात तीस वर्षं काढून ह्यांचं नाक शाबूत राहिलं हेच नवल, आता ते तरी कामाला येऊ दे. "उद्याच माळ्याला बोलावते," म्हटलं.

"उद्या नाही. आधी मंजुरी."

इथे आमचं घोडं पेंड खायला लागलं. सोसायटीत एक नियम आहे खरा. पूर्वी कुणाच्या तरी झाडाच्या मुळांनी ड्रेनेजची लाइन फोडली, तेव्हापासून अंगणात काही खणायचं तर कमिटीची लेखी परवानगी घ्यायची. तो नियम सगळ्यांना पाठ आणि पाळत कुणी नाही. पण हे कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात वाढलेले. तिथे साधा नट फिरवायचा तरी आधी परमिट. काय काम, का करायचं, कोण करणार, खाली कुठली लाइन जाते, सगळं लिहायचं, सह्या घ्यायच्या, मगच हत्यार उचलायचं. तीस वर्षांत ह्यांनी एकदाही परमिटशिवाय काम होऊ दिलं नाही. आमच्या लग्नाचंसुद्धा तसं काही कागदपत्र ह्यांच्याकडे असेल, असं मी माहेरी चेष्टेने म्हणायची.

आणि अर्ज कसा केला? साध्या कागदावर "फुलझाडं लावायची आहेत" एवढं लिहिलं असतं, तर कमिटीने न वाचता सही ठोकली असती. ह्यांनी ड्रॉइंग काढलं. पोटमाळ्यावरून जुना बोर्ड काढला, जेवणाच्या टेबलावर मांडला आणि आठ दिवस भिंग घेऊन बसले. आम्ही दोघं आठ दिवस स्वयंपाकघरात खाली बसून जेवलो. अंगणाचा नकाशा, त्याचा उभा छेद, कुठे किती इंच उतार, जमिनीखालच्या ड्रेनेजची तुटक रेघ, खाली उजव्या कोपऱ्यात चौकट आणि चौकटीत सही. एका तुकड्यावर बारीक अक्षरात "भाजी, हिची" असंही होतं. माझ्या कोथिंबीर-मेथीसाठी. मी चिडचिड करत होते, पण खरं सांगते, डॉक्टरांकडून आल्यापासून मी त्यांना एवढं खुशीत पाहिलं नव्हतं.

अर्जात कारणाच्या जागी ह्यांनी लिहिलं, "अंगणाचे सुशोभीकरण".

"सुशोभीकरण?" मी विचारलं. "खरं लिहा ना."

"नाही. डोळ्यांचं कुणाला सांगायचं नाही. एकदा कळलं की जो तो हात धरायला येतो. आणि एकदा हात धरला की माणूस संपला." माझ्याकडून तसं वचनच घेतलं. पुण्याला मुलगी आहे, तिलाही दिवाळीला आली की सांगू म्हणाले.

रविवारी सकाळी बोअरच्या खोलीशेजारच्या ऑफिसात कमिटी बसली. मीही गेले. आमचे प्रमुखभाई म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष, कापडाचं दुकान मुलाच्या हवाली करून आता सोसायटी चालवतात. माणूस सरळ. त्यांनी ड्रॉइंग उलगडलं, दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिलं, छेदावर बोट ठेवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आ तो बांधकाम केवाय, भाई."

हे समजावायला लागले. जितकं समजावलं तितकं ते बांधकाम आणखी मोठं होत गेलं. लेव्हल म्हटल्यावर एकाला पाया आठवला, तुटक रेघ पाहून दुसऱ्याला वाटलं की आम्ही ड्रेनेजची लाइनच हलवतोय. शेवटी प्रमुखभाई म्हणाले, एवढं मोठं काम कमिटी एकटी मंजूर करू शकत नाही, सगळ्या सभासदांच्या सभेत ठेवू. सभा कधी? दिवाळी पछी, म्हणजे दिवाळीनंतर.

तेव्हा आषाढ चालू होता.

परत येताना मी रस्त्यातच बोलायला सुरुवात केली. शेड टाकणाऱ्याला कुणी विचारत नाही, आणि विचारायला जाणाऱ्याला सभा. आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला. "फोडू या फरशी, कोण येतंय बघायला?" म्हटलं. हे शांतपणे म्हणाले, "अर्ज दिलाय. आता उत्तर येईपर्यंत हात लावायचा नाही." ह्या माणसाशी भांडताही येत नाही, हे माझं जुनं दुःख आहे.

श्रावण गेला. ह्यांना नळीतून बघितल्यासारखं व्हायला लागलं. समोरचं एवढंसं दिसायचं, बाजूचं सगळं गेलेलं. एके सकाळी ड्रॉइंग उघडून बसले होते. एक अक्षर सापडलं की दुसरं हरवायचं. बोट शीटवर ठेवायचे आणि शोधत राहायचे. मी दारातून पाहत होते. त्यांनी शीट घडी घालून ठेवलं आणि मला म्हणाले, "दिवाळीपर्यंत पुरेल असं वाटत नाही."

एवढंच म्हणाले.

गणपती विसर्जनानंतरच्या दुसऱ्या दिवशी मी वचन मोडलं. हे दुपारी आडवे झाले आणि मी चपला घालून प्रमुखभाईंकडे गेले. ते हिंचक्यावर बसून पेपर वाचत होते. "बेसो, बहेन. चा पीशो ने?" मी म्हटलं, चहा नको. काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा घोळवलं होतं, तोंड उघडलं तर रडूच आलं. मग रडत रडतच सांगितलं. ह्यांना दिसेनासं होतंय. दिसतंय तोवर त्यांना ती वाट चालून शिकायची आहे. सुशोभीकरण वगैरे काही नाही.

प्रमुखभाईंनी पायाने हिंचका थांबवला. मग म्हणाले, "पहेलां केम ना कह्युं?"

आधी कसं सांगणार? ताकाला जाऊन भांडं लपवलं होतं आम्ही. त्यांना तरी काय दोष द्यायचा? ते म्हणाले, खरं कारण लिहून एक साधा अर्ज द्या, सह्या मी स्वतः घेतो.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. मला वाटलं होतं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. दोन दिवस बोलले नाहीत. ताट वाढलं की जेवायचे, थेंब घालायचे, पडून राहायचे. तिसऱ्या दिवशी माझा पारा चढला. थेंबांची बाटली हातात धरूनच म्हटलं, "तुमच्या कारखान्यात परमिटवर कामाचं कारण खोटं लिहिलेलं चालायचं का?"

हे उठून बसले. मग म्हणाले, "नाही. नोकरी गेली असती."

संध्याकाळी मला कागद-पेन आणायला सांगितलं. ह्यांच्या ओळी एकमेकींवर चढायला लागल्या होत्या, म्हणून लिहिलं मी, सांगितलं ह्यांनी. "अर्जदाराची दृष्टी कमी होत आहे. दिसत आहे तोवर बाग करून घ्यावयाची आहे. सोबत पूर्वीचे ड्रॉइंग जोडले आहे, ते मात्र बदलू नये." सहीची जागा मी बोटाने दाखवली. प्रमुखभाई तो कागद घेऊन घरोघर फिरले, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या सह्या झाल्या. कमिटीने एकच अट घातली, ड्रेनेजच्या लाइनपासून खड्डा दोन हात लांब हवा. ह्यांच्या ड्रॉइंगमध्ये तो तीन हात लांब होता, हे ह्यांनी प्रमुखभाईंना अभिमानाने सांगितलं. काही लोक भेटायला आले, ह्यांचा हात हातात घेऊन बसले, तेही ह्यांनी सोसलं.

वाघोडिया रोडवरच्या नर्सरीतला माळी आला, त्याच्याबरोबर फरशी फोडायला दोघं. हे ओट्यावर खुर्ची टाकून बसले आणि मी शेजारी ड्रॉइंग धरून. आधी मी ते उलटं धरलं होतं. ह्यांनी मला शिकवलं, उत्तर दिशा कुठे ते आधी बघ, मग बाण, मग आकडा. मी वाचायची, हे माळ्याला सांगायचे. मोगऱ्याचा वाफा नऊ इंच खोल. विटा तिरक्या, पंचेचाळीस अंशात. वाटेची रुंदी?

"दीड फूट," मी वाचलं.

वाचलं आणि थांबले. दीड फूट म्हणजे एक माणूस. काठी आणि एक माणूस. त्याच्या बाजूने कुणाला चालायचं म्हटलं तर पाय वाफ्यात पडणार. चाळीस वर्षं आम्ही भाजीला, लग्नाकार्याला, दवाखान्यात बरोबर गेलो, आणि ह्या माणसाने आपल्या आंधळेपणाची वाट आखताना त्यात माझी जागाच ठेवली नव्हती. भाजीला तुकडा ठेवला होता, मला नाही. का ठेवली नव्हती तेही मला कळत होतं. कुणी हात धरला की माणूस संपला. पण मी कुणी आहे का?

दुपारी हे आडवे झाले. मी अंगणात गेले आणि माळ्याला म्हटलं, "वाट अडीच फुटांची कर. माझा भाजीचा तुकडा त्यात घे."

त्याने शीटकडे पाहिलं. "अने साहेब?"

"साहेबांचं मी बघते."

ना कमिटीला विचारलं, ना ह्यांना. समोरच्या शेडवाल्यांना मी इतकी नावं ठेवली, पण त्या दिवशी त्यांच्या रांगेत जाऊन बसले.

काम नवरात्राच्या आधी संपलं. मोगऱ्याची रोपं हातभर होती, पण दोनचार कळ्या होत्या. सिमेंट वाळलं त्या सकाळी हे काठी घेऊन फाटकापाशी गेले, वळले, आणि चालायला लागले. मी नळाशी भांडी विसळत होते, हात तसेच ठेवून बघत राहिले. काठी डाव्या विटेला लागली. उजवीकडे नेली, तर वीट लागेना. आणखी पुढे नेली, तेव्हा लागली. हे थांबले. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. मापून घेत होते.

"रुंदी किती आहे?"

"अडीच," मी म्हटलं.

"ड्रॉइंगमध्ये?"

"दीड."

"एक फूट कुठून आणलंस?"

"माझ्या कोथिंबिरीतून."

भांडायची मी पूर्ण तयारी केली होती. उत्तरं रांगेने तयार होती, चाळीस वर्षांची. हे काही विचारेनात. त्या नळीतून जेवढं दिसत होतं तेवढ्यात त्यांनी आधी वाट पाहिली, मग मला शोधलं. मी हललेही नाही, म्हणजे सापडायला सोपं जाईल.

"मंजुरी दीडचीच आहे," हे म्हणाले. "ड्रॉइंग दुरुस्त करून कमिटीला द्यावं लागेल."

मग काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, डाव्या कडेला सरकले, आणि मोकळा हात माझ्या बाजूला केला. मी ओले हात साडीला पुसले आणि तो धरला.