आयुधपूजेला भट्टी चालू

आमच्या बंगळुरूच्या लॅबमध्ये किस्से इतके का साठतात विचाराल, तर आमचं कामच मुळी बसून राहायचं! सिरॅमिकचा बोटभर तुकडा धगधगत्या भट्टीत ठेवायचा, वर वजन द्यायचं आणि तो किती दबतो ते आठवडेच्या आठवडे मोजायचं. दबतो केसाच्या जाडीहूनही कमी. याला म्हणतात क्रीप. मग माणूस गप्पा नाही मारणार तर काय करणार?

*

माझे सासरे एकदा इंदिरानगरहून मुद्दाम लॅब बघायला आले. दहा मिनिटं भट्टीकडे टक लावून बसले. शेवटी आमच्या टेक्निशियनना, रामोजीअण्णांना म्हणाले, "काही होताना दिसत नाही हो!"

अण्णा पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरूचे मराठी. शांतपणे म्हणाले, "स्वल्प बसा. दोन आठवड्यांत दिसंल."

*

नव्या समीरच्या आलेखात रोज चार वाजता एक उंचवटा यायचा. पठ्ठ्यानं त्यावर सेमिनारच ठोकला! म्हणे, तुकड्यातले सूक्ष्म कण एकमेकांवरून घसरतात. मायक्रोस्कोपचे फोटो काय, बाण काय! सर खूश.

दुसऱ्या दिवशी चारला बघतो तर सर स्वतःच मशीनच्या चौकटीला टेकून कॉफी पीत होते!

सांगायची हिंमत कोणाची? समीरनं मुकाट्यानं पलीकडे एक बाक आणून ठेवला.

*

केतकी नागपूरची. तिचे दोन तुकडे तडकले होते, हा तिसरा आणि शेवटचा. हाही गेला तर पीएचडी वर्षभर लांबणार आणि ठरलेली नोकरी हातची जाणार. महिनाभर पोरगी भट्टीसमोरच्या खुर्चीतून हलली नाही. "जेवलीस का?" विचारलं की आलेख दाखवायची. काळजी वाटायची हो तिची.

अशात आयुधपूजा आली, म्हणजे आपली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे झाडून सगळी यंत्रं बंद. अण्णा ती पुसतात, हार-कुंकू करतात आणि दिवसभर कुणाला हात लावू देत नाहीत. इतक्या वर्षांत चालू मशीनची पूजा त्यांनी केलेली नाही. आणि केतकीची भट्टी थांबून गार झाली की तुकडा तडकणार, सगळंच संपलं!

सर काही मध्ये पडेनात. केतकी सकाळीच भट्टीपुढे वाट अडवून उभी. "अण्णा, पाया पडते, ही नको ना!" म्हणाली आणि रडायलाच लागली.

अण्णांनी आलेख पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. बाकीच्या मशीनना हार घातले. उरलेला हार त्यांनी केतकीच्या खुर्चीला घातला आणि वर कुंकू लावलं.

"सरी, ठीक आहे, भट्टी चालू दे. पण सण आहे, कुणालातरी रजा द्यायलाच पाहिजे," म्हणत अण्णा स्टूल ओढून भट्टीसमोर बसले. "बनशंकरीतल्या तुझ्या खोलीवर जा, जेव, झोप. आज या खुर्चीला हात लावायचा नाही!"