खात न्हाई, लावते

“अहो बाई, तोंड मिटू नका ना!”

खोलीतले दिवे मी घालवले होते. मुखेडच्या चंद्रकलाबाई खुर्चीत आ करून बसलेल्या. माझ्या डोळ्यांवर पिवळा चष्मा, हातात निळ्या उजेडाची बॅटरी. मी नांदेडची दातांची डॉक्टर. तिखट खाल्लं की ओठाच्या आत आग होते, म्हणून नवरा ग्यानबा त्यांना एसटीनं घेऊन आले होते, ते बाजूच्या स्टुलावर बसलेले.

यंत्र सोपं आहे. निळा उजेड पडला की तोंडातली निरोगी कातडी स्वतःच हिरवट चमकते. जागा बिघडली असेल तर चमक जाते, काळं दिसतं. चंद्रकलाबाईंचा गाल मुगाच्या कोवळ्या शेंगेसारखा हिरवा. मग खालचा ओठ उलटा केला. हिरडीपासून ओठापर्यंत सगळं काळंकुट्ट!

बाईंच्या केसपेपरवर तर ‘तंबाखू – नाही’ लिहिलेलं. मी भडकले. स्वभावच तसा.

“खरं सांगा, तंबाखू खाता ना?”

“देवाशप्पथ न्हाई, म्याडम!”

ग्यानबा तावातावानं उठले. “हिनं जल्मात तंबाखू खाल्ली न्हाई.”

“मग आज तोंडात काय घातलं?”

“काय बी न्हाई,” बाई म्हणाल्या. “तुमाला दात दाखवायचे म्हून स्टँडवर उतरल्यावर चांगली मिश्री लावली. घाण तोंड घेऊन कसं यावं?”

मी कपाळावर हात मारला. मिश्री म्हणजे तव्यावर जाळलेली तंबाखूच. पण आपल्याकडं ती कुणी ‘खात’ नाही, दाताला ‘लावतात’. बाई खोटं बोलल्या नव्हत्या. प्रश्न माझाच चुकला होता.

गुळण्या करायला लावल्या, कापसानं पुसलं, परत दिवे घालवले. बहुतेक काळं गेलं. मला हायसं वाटलं. पण डाव्या बाजूला, मिश्री धरून ठेवायच्या जागी, हरभऱ्याएवढा डाग राहिला. काचेच्या पट्टीनं दाबून पाहिला. नुसती सूज असती तर दाबल्यावर रक्त बाजूला सरून हिरवं दिसलं असतं. दिसलं नाही.

“नुसत्या उजेडावरून खात्री देता येत नाही,” मी म्हणाले. “तांदळाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. बायोप्सी.”

“कॅन्सर का?” ग्यानबांनी विचारलं. मी बायोप्सीची चिठ्ठी लिहायला घेतली, तसे ते बाईंच्या खुर्चीशी येऊन बसले.

“मिश्री मीच भाजून देतो, म्याडम. हिला धूर सोसत न्हाई, खोकला येतो. इतकी वर्सं झाली, मीच आपल्या हातानं…”

चंद्रकलाबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “तुमी काय इख दिलं का? म्याच मागितली.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू?

रिपोर्ट यायला आठवडा लागला. तो आठवडा मला लई जड गेला. निघाला डिस्प्लेशिया. म्हणजे पेशी बिघडायला लागलेल्या, पण कॅन्सर झालेला नव्हता. वेळेत सापडलं. सर्जननं तेवढा भाग काढून टाकला.

आता मी कुणालाच ‘तंबाखू खाता का’ असं विचारत नाही. सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं, ते विचारते. यंत्र किती का भारी असेना, हे त्याला विचारता येत नाही.

परवा दोघं तपासणीला आले. जागा हिरवी. मिश्री सुटली का, विचारलं.

“सुटली की. तलप आली की हे चहा करून हातात देतात.” मग ग्यानबा चपला घालायला बाहेर गेलेले पाहून बाई हळूच म्हणाल्या, “काय ती वंगाळ चव त्या चहाला, म्याडम! पन म्या कधी बोलले न्हाई. सगळा पिते.”